खालची गाठ

लोहाराच्या भट्टीतून उडालेली एक ठिणगी गेल्या उन्हाळ्यात सात घरांना पुरली. वारा लोहाराच्या घराकडून वाहत होता, म्हणून लोहाराचं घर वाचलं. जळालेल्या सातही घरांची छपरं एकाच माणसानं गवतानं शाकारलेली होती, म्हणून दोष कुणाचा यावर फार वाद झाला नाही. ठिणगीला कुणी नावं ठेवली नाहीत. ती लहान होती आणि केव्हाच विझली होती. उरलेल्या घरांवर गवत मात्र शिल्लक होतं, आणि ते शाकारणारा छपरवालाही रोज समोर दिसत होता.

सव्वीस वर्षं तो गावाच्या डोक्यावर बसून काम करत आला होता. छपराच्या उतरत्या पाखीवर गुडघे रोवून रोवून त्याच्या गुडघ्यांना घट्टे पडले होते, आणि सपाट जमिनीवरही तो उतारावर चालल्यासारखा जरा पुढे वाकून चालायचा. आगीनंतर लोक त्याला टाळत नव्हते. टाळलं असतं तर बरं, असं त्याला वाटायचं. लोक थांबायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि जाताना आपल्या छपराकडे एकदा बघून सुस्कारा टाकायचे.

थंडी संपताना सभा भरली. सुरक्षिततेवर सगळ्यांत जास्त वेळ लोहार बोलला. बांधकाम खात्याचा कारकून एक कागद घेऊन आला होता. ऊन तापायच्या आत, आग लागलेल्या आळीतल्या सगळ्या घरांवर पत्रे चढवायचे, असं त्यात होतं. शेवटी एक बारीक कलम होतं. पत्र्याऐवजी दुसरं काही वापरायचं असेल, तर त्याची नमुन्याची खोली बांधून दाखवावी. तिला आतून आणि बाहेरून अर्धा तास जाळ द्यावा. टिकली तर परवानगी.

"दुसरं काही म्हणजे गवतपण?" छपरवाल्यानं विचारलं.

लोक हसले. कारकुनानं कलम पुन्हा वाचलं, बोट ठेवून वाचलं, आणि गवत नको असं काही लिहिलेलं नाही म्हणाला.

"मग माझा नमुना लिहून घ्या."

कारकुनानं लिहून घेतलं. नमुना एकदाच, हे त्यानं दोनदा सांगितलं.

छपरवाला हवेत बोलला नव्हता. जळालेल्या घरांची राख उपसताना तिसऱ्या घराच्या वळचणीला त्याला एक पेंढी सापडली होती. भिंतीच्या गिलाव्यात ती अर्धी रुतली होती. वरचा भाग काळा, आणि मातीत बुडालेला भाग कालच कापल्यासारखा पिवळा. ती पेंढी त्यानं घरी आणून खुंटीला टांगली होती. त्याची बायको रोज तिच्याखालून ये-जा करायची. तिनं पहिल्या दिवशी विचारलं, हे काय. तो म्हणाला, हे आपलं पोट आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही. ती एक गोष्ट एकदाच विचारायची आणि एकदाच सांगायची.

पोट खरंच त्या पेंढीला टांगलेलं होतं. नमुना टिकला तर आळीतल्या चाळीस घरांची छपरं त्याच्याकडे राहणार होती. नाही टिकला, तर ती त्याच्या मेहुण्याकडे जाणार होती. बायकोच्या या धाकट्या भावाचं सडकेवर पत्र्यांचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. सभेनंतर तो घरी आला, बहिणीच्या हातचं पाणी प्यायला आणि मनापासून म्हणाला, "दाजी, उगाच कशाला जिवाला घोर? माझ्याकडे या की. तुम्हाला उंचावर चढायची सवय आहेच."

छपरवाल्याला त्याला हाकलून द्यायचं होतं. पण मनापासून बोलणाऱ्याला हाकलायचं कसं, हे त्याला सुचलं नाही.

नमुन्याची जागा गावाबाहेर सडकेच्या कडेला, पडीक माळावर मिळाली. दोन खाटा मावतील एवढी खोली. भिंती कुडाच्या, वर माती. खरं काम छपराचं. एक खड्डा खणला, त्यात चिकणमाती भिजत घातली, आणि ती तुडवायला घरातलं तिसरं माणूस उतरलं. ती छपरवाल्याची आत्या. तिला कानानं कमी ऐकू यायचं, पण पायांत अजून दोन माणसांचा जोर होता. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती तीन दिवस माती तुडवत राहिली आणि आपण कशासाठी तुडवतोय हे रोज नव्यानं विचारत राहिली.

"छपराला," बायको तिच्या कानाशी ओरडायची.

"छपराला माती? मग भिंतीला काय, गवत?"

खिळे मारलेल्या फळीवर छपरवाला गवत विंचरायचा, खुरटं-कुजकं काढून टाकायचा आणि मनगटाएवढ्या पेंढ्या बांधायचा. बायको प्रत्येक पेंढी खड्ड्यातल्या पातळ मातीत बुडवायची, उलटीसुलटी करून आतपर्यंत मुरवायची आणि निथळत ठेवायची. चारशे वीस पेंढ्या. शंभरीला तिच्या हातांची कातडी कोपरापर्यंत ओढली गेली, दोनशेला बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. रात्री ती हातांना तेल चोळायची आणि सकाळी माती ते पिऊन टाकायची. वासे, रिपा, आढं, सगळ्यांवर मातीचा हात फिरला. उघडं लाकूड बोटभरसुद्धा ठेवलं नाही.

मग बांधणीचा प्रश्न आला. एरवी छपरवाला काथ्यानं बांधायचा. पण ओली माती वाळायला दहा-बारा दिवस घेणार आणि तोवर काथ्या आतल्या आत कुजणार. तो दोन दिवस यावर विचार करत होता. तिसऱ्या दिवशी पेंढी बुडवता बुडवता बायको म्हणाली, "तारेनं बांधा."

तो विंचरायचा थांबला. तार पत्र्याला असते, गवताला दोरी असते, असं त्यानं सुरू केलं. आपल्या बापानं, बापाच्या बापानं छपरात लोखंडाचा तुकडा जाऊ दिला नाही. आणि तार आणायची कुठून? तुझ्या भावाच्या दुकानातून? उद्या तोच सांगत फिरेल की दाजींचं छपरसुद्धा माझ्याच जिवावर उभं आहे. तो बराच वेळ बोलला. बायकोनं पुढची पेंढी बुडवली. तिचं सांगून झालं होतं.

संध्याकाळी तो खताच्या दुकानातून प्लॅस्टिकची निळी दोरी घेऊन आला. कुजत नाही, ताणली तर तुटत नाही, रंगानंही बरी. दुकानदार म्हणाला होता की ही शंभर वर्षं टिकते. कशात टिकते, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

शाकारणीला दोन माणसं लागतात. एक वर आणि एक खाली. वरचा माणूस हातभर लांब दाभणात दोरी ओवून ते पेंढीतून खाली खुपसतो. खालचा माणूस दोरी रिपेभोवती घेऊन दाभण परत वर सारतो. वरचा ओढतो, खालचा गाठ मारतो. वरच्याला वारा लागतो, लांबचं दिसतं आणि रस्त्यानं जाणारे त्याच्याशी बोलतात. खालच्याच्या डोळ्यांत कचरा पडतो. सव्वीस वर्षं वर छपरवाला होता आणि खाली त्याची बायको होती. या वेळी कचऱ्याऐवजी चिखल होता. तो तिच्या कपाळावर, ओठांवर, गळ्यात पडत होता, आणि ती मान मागे टाकून, एक डोळा मिटून, गाठीमागून गाठ मारत होती. वरून "घे" आणि खालून "घेतलं", एवढंच दिवसभर ऐकू यायचं.

शेवटच्या दिवशी उरलेल्या मातीचा गोळा घेऊन ती खालच्या गाठी लिंपायला लागली, तेव्हा वरून त्यानं अडवलं. गाठ झाकायची नाही, हा धंद्यातला जुना नियम. गाठ डोळ्यांसमोर राहिली, तर सैल पडल्याचं कळतं आणि आवळता येते. तिनं गोळा खड्ड्यात टाकून दिला.

बघायला येणारे रोज येत होते आणि मत देऊन जात होते. एकानं माती जास्त म्हटलं, दुसऱ्यानं कमी. लोहार दोनदा आला. आपल्याला आगीचा अनुभव आहे, असं तो स्वतःच म्हणाला, आणि कुणी हसलं नाही.

जाळायच्या दिवशी सकाळी अकराला माळावर दीडशे माणूस जमलं. कारकुनानं खुर्ची मागवली, घड्याळ गुडघ्यावर ठेवलं आणि नमुन्याचा तक्ता उघडला. मेहुणा मागे, बहिणीशेजारी उभा राहिला. बाहेर वळचणीला लावून फांद्या रचल्या होत्या, आत मधोमध लाकडाचा ढीग. कारकुनानं हात केला आणि लोहारानं, तो आपणहून पुढे झाला होता, बाहेरचा ढीग पेटवला.

जाळ वळचणीला चाटून वर गेला. माती काळी झाली, तडकली, तिच्यातून वाफ निघाली. पंधरा मिनिटं झाली. फांद्या बसल्या आणि छपर जसं होतं तसं राहिलं. माणसांतलं बोलणं कमी होत गेलं. कुणीतरी म्हणालं, अरे, हे तर खरंच पेटत नाही. छपरवाल्यानं तिकडे बघितलं नाही, पण त्याची पाठ जरा सरळ झाली.

मग आतला ढीग पेटवला. धूर दारातून बाहेर लोटला. कारकून मिनिटं मोजत होता. पाच. सहा. सातव्या मिनिटाला बायकोला वेगळा वास आला. गवताचा नाही, लाकडाचा नाही. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यालाही तो आला होता. दारातून त्याला दिसलं, की वरून निळे थेंब गळतायत आणि जमिनीवर पडून जळतायत. एक, मग तीन, मग रांगेनं.

उजवी पाखी आधी हलली. एखादं जनावर उठताना अंग झाडतं तशी ती थरथरली आणि चारशे वीस पेंढ्यांतल्या निम्म्या, मातीच्या वजनासकट, एकमेकींना धरून घसरल्या. डावी पाखी तिच्यामागून गेली. खाली आदळताना इतकी माती एकदम पडली, की आतला जाळ तिथल्या तिथे विझला. धुरळा बसला तेव्हा चार भिंती आणि उघडे वासे तेवढे उभे होते. पाखीची एकही पेंढी पेटली नव्हती.

मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच.

कारकून पेचात पडला. तक्त्यात दोनच रकाने होते. पेटले, आणि पेटले नाही. त्यानं आत जाऊन पेंढ्या काठीनं उलट्यापालट्या करून बघितल्या.

"पेटलं नाही," छपरवाला म्हणाला. "काय झालं तेच लिहा."

"पण छपर कुठे आहे?"

"ते विचारलेलं नाही तुमच्या कागदात."

कारकून भला माणूस होता. त्यानं 'पेटले नाही' या रकान्यात खूण केली. मग शेऱ्याच्या जागी 'छप्पर राहिले नाही' असं लिहिलं, आणि खाली, जरा थांबून, 'नामंजूर'. नमुना एकदाच, याची त्यानं तिसऱ्यांदा आठवण करून दिली.

घरी येताच आत्यानं विचारलं, पेटलं का. बायकोनं मान हलवली, नाही. "मग झालं की," आत्या म्हणाली आणि झोपली.

त्यानं बायकोला काही म्हटलं नाही. तिनंही तारेचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर भांडता आलं असतं. चार दिवस तो घरात बसला आणि पाचव्या दिवशी मेहुण्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

पत्र्यांचं काम दहा दिवसांत अर्ध्या आळीला पुरं झालं. भोकं पाडायची, तार घालायची, पिळायची, कापायची. पत्रा घसरडा, त्याचे गुडघे त्यावर रुतत नव्हते, आणि दहानंतर पत्रा इतका तापायचा की गुडघ्यांच्या जुन्या घट्ट्यांवर फोड आले. खालून लोक विचारायचे, काय मग, हे पडणार नाही ना? पहिल्या दिवशी त्यानं उत्तर दिलं. लोहाराचं घर आळीत आधीपासून पत्र्याचं होतं, तरी तोही एकदा येऊन शिडी धरून उभा राहिला आणि म्हणाला, बरं झालं, आता तुमच्याही हाताला पक्कं काम लागलं. मेहुणा मात्र त्याला इतर कामगारांपेक्षा आधी पाणी पाठवायचा. ते पाणी त्याला सगळ्यांत जड जायचं.

तारेचे कापलेले तुकडे कामगारांचे, अशी दुकानाची रीत होती. इतर लोक ते भंगारात घालायचे. छपरवाला खिशात टाकायचा, आणि का टाकतो हे स्वतःलाही सांगायचा नाही.

अकराव्या दिवशी तो कामावरून लवकर सुटला आणि माळावरून आला. खोलीच्या सावलीत बायको बसली होती. पडलेल्या पेंढ्या तिनं ओढून बाहेर काढल्या होत्या. धडक्या एकीकडे, मोडक्या दुसरीकडे. निळ्या दोरीची वितळलेली टोकं सुरीनं खरवडून काढलेली होती. माती पुन्हा भिजवलेली होती आणि आत्या खड्ड्यात उभी होती.

"किती?" त्यानं विचारलं.

"तीनशे बारा धडक्या. बाकीच्या नव्या बांधाव्या लागतील."

"आता कारकून येणार नाही. कागद बंद झालाय."

"माहीत आहे."

मग त्यानं खिशातले तारेचे तुकडे काढून तिच्यासमोर ठेवले. दुसऱ्या खिशातलेही ठेवले. तिनं एक तुकडा उचलून दोन्ही हातांत वाकवून बघितला आणि पुरेल म्हणाली. तार पुरणार नव्हती, पुढचे चार दिवस तो आणखी तुकडे आणत राहिला, आणि कमी पडली तेवढी दुकानातून मजुरीतून वळती करून घेतली.

पेंढ्या तयार झाल्या, तेव्हा बायको सवयीनं आत जाऊन मान मागे टाकून उभी राहिली. तो शिडीपाशी थांबला होता.

"तू वर जा," तो म्हणाला. "मी खाली बसतो."

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग पदर खोचला आणि वर चढली.

पहिलाच चिखल त्याच्या डोळ्यात गेला. दुसरा तोंडात. दाभण कुठून खाली येईल याचा काही नेम नव्हता. ते एकदा कानाला घासून गेलं. मान अर्ध्या तासात भरून आली. खालून सगळ्या पेंढ्या सारख्याच दिसत होत्या, आणि कोणती आवळली आहे, कोणती नाही, हे बोटांनी चाचपूनच कळत होतं. सव्वीस वर्षांत वरून तो "घे" म्हणाला की खालून "घेतलं" यायला क्षणभर उशीर व्हायचा, आणि त्यावर तो कितीदा तरी खेकसला होता. आता तो उशीर कशाचा होता ते कळलं. डोळा पुसायचा.

"घे," वरून आलं.

"थांब," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "घेतलं."

वर ती थांबली होती. सडकेवरून जाणाऱ्या कुणीतरी तिला हाक मारून काहीतरी विचारलं. तिनं वरूनच उत्तर दिलं. तिच्या आवाजाला वारा लागला होता.

शेवटच्या दिवशी मातीचा गोळा हातात घेऊन त्यानं प्रत्येक तारेची गाठ अंगठ्यानं लिंपली. गाठ न झाकण्याचा जुना नियम मोडताना तो थांबला नाही. एका गाठीचं टोक आकड्यासारखं बाहेर राहिलं, तेवढं तसंच सोडलं.

वाळायला बारा दिवस दिले. मग एका दुपारी त्यांनी स्वतःच दोन्ही ढीग रचले आणि पेटवले. बघायला शेळ्या होत्या. धूर बघून कुणी आलं नाही. हा आता काय जाळतोय, एवढंच गावात म्हणाले असतील. मेहुणा तेवढा आला, तोही दुसऱ्या दिवशीचं काम सांगायला. तो थांबला आणि बघत राहिला. अर्धा तास झाला, पाऊण झाला. लाकडं संपली. छपर काळं पडलं, तडकलं आणि राहिलं. मेहुण्यानं आत जाऊन वर हात लावून बघितला.

"तार माझ्याकडची ना?" त्यानं विचारलं.

"तुझ्याकडचीच," बायको म्हणाली. "पेटलं का?"

"नाही."

"पडलं का?"

"नाही, ताई."

"मग तेवढं कारकुनाला सांग. तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे."

मेहुण्यानं हात झटकले. दुकानात चाळीस घरांचा माल येऊन पडलाय, असं तो हळू आवाजात म्हणाला. मग दाजींना म्हणाला, उद्या जरा लवकर या, पत्रे तापायच्या आत. यातही तो मनापासून बोलत होता.

ऊन तापलं. आळीतले पत्रे दुपारी तडतड वाजायचे, आणि माणसं खाटा घेऊन झाडं शोधत फिरायची. माळावर झाड नव्हतं. सडकेनं जाणारे आधी एक-दोन, मग पाच-सहा, त्या काळ्या खोलीत येऊन टेकायला लागले. छपर कुणाचं, असं कुणी विचारत नव्हतं. लोहार झोपायचासुद्धा.

एका दुपारी कारकून आळीची तपासणी करायला आला. चाळीसही घरांवर पत्रे चढल्याचं त्यानं उन्हात फिरून बघितलं, घामानं कागद भिजायला लागले, तेव्हा लिहायला तो नमुन्याच्या खोलीत येऊन बसला. छपरवाला दुकानातलं काम सोडून त्याच्यामागून आला आणि दारात उभा राहिला. त्याची बायको पाणी घेऊन आली. कारकून एकेका घरापुढे 'पत्रा, मंजूर' लिहीत गेला. चाळीस वेळा लिहून झाल्यावर त्यानं मान वर केली आणि छपराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"गार आहे," तो म्हणाला.

"लिहा की," छपरवाला म्हणाला.

"गारव्याचा रकाना नाही हो."

तो पाणी प्यायला. कागद गुंडाळून पिशवीत घालताना पिशवी कुठे ठेवावी म्हणून त्यानं इकडेतिकडे बघितलं, जमीन राखेची होती. वर तारेचं एक टोक आकड्यासारखं बाहेर आलेलं होतं. चाळीस घरांच्या मंजुरीनं भरलेली पिशवी त्यानं तिथे अडकवली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

छपरवाला आणि त्याची बायको, दोघंही त्या गाठीकडे बघत राहिली. गाठ हलली नाही.